नाणं टाका, बुडी पाहा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मे महिन्याच्या दिल्लीत कूलरपुढे बसलो होतो. सुट्टीची पुरवणी निघणार होती, विषय पाण्याखालचं पर्यटन. मालवणवर लिहायला त्यांना कोणीतरी सापडलं होतं, कॅरिबियन बेटांवर अमेरिकेतल्या एक बाई लिहिणार होत्या. “तुम्ही दिल्लीतून काहीतरी द्या,” म्हणाले. इथून जवळातला जवळ समुद्र गाठायचा तरी एक रात्र रेल्वेत काढावी लागते, हे मी सांगेपर्यंत फोन बंद झाला होता.

माझी भाची गुडगावला नोकरी करते आणि सध्या शनिवार-रविवारी एका तरणतलावात स्कूबा शिकते. म्हणून आधी तिला विचारलं. दिल्लीकरांची ही सोय नामी आहे. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी आणि खाली निळ्या फरश्या. मुखवट्यात शिरलेलं पाणी काढणं, नाक चिमटीत धरून कान मोकळे करणं, हे सगळं क्लोरीनच्या पाण्यात घोटून घ्यायचं आणि मग समुद्रातल्या चार बुड्यांसाठी अंदमान नाहीतर गोवा गाठायचा. त्या पार पडल्या की अठरा मीटरपर्यंत उतरण्याचा परवाना मिळतो. तिच्या मनात खरं तर बोनेअर आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचं हे डच बेट. १९७९पासून तिथला भोवतालचा समुद्र राखीव आहे. किनाऱ्याच्या रस्त्याकडेला पिवळे दगड मांडलेत, त्यांवर बुडीच्या जागेचं नाव रंगवलेलं. दगड दिसला की गाडी थांबवायची, सिलिंडर चढवायचा आणि चालत पाण्यात शिरायचं. “मामा, तुमच्या दिल्लीत आहे का असा एक तरी दगड?” तिने विचारलं.

दगड नाही. जागा मात्र आहे. दिल्लीत एके काळी बुडी बघायला लोक मुद्दाम जात, पैसे टाकून. मेहरौलीत अल्तमशच्या काळातली गंधक की बावली आहे, तिला इंग्रज ‘डायव्हिंग वेल’च म्हणत. कॅनॉट प्लेसजवळच्या अग्रसेन की बावलीत कठड्यावरून झेपावलेला पोरगा आणि मागे उंच इमारती, हे रघू रायचं छायाचित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. आता तिथे पोरं मोबाइलवर स्वतःचेच फोटो काढतात. तिसरी जागा निजामुद्दीनची. तिच्यात पाणी आहे, म्हणून मी तिकडे गेलो.

मथुरा रोड सोडून वस्तीत शिरलं की गल्ली अरुंद होत जाते. गुलाबाच्या पाकळ्या, चादरी, कबाबांचा धूर आणि ‘जूते यहाँ रखिए’चा गलका. दर्ग्याचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा धावतच सांगतो. सूफी संत हजरत निजामुद्दीन औलिया इथे १३२५ साली वारले. पायाशी त्यांचे शिष्य अमीर खुस्रो. जवळच शहाजहानची मुलगी जहाँआरा आणि तो महंमदशहा रंगीला, ज्याच्या दिल्लीवर १७३७ साली बाजीराव चालून आला होता. मराठी पर्यटक त्या कबरीपुढे का रेंगाळत नाहीत कोण जाणे. बहुतेकांना ती इथे आहे हेच माहीत नसतं.

बावली दर्ग्याच्या उत्तरेला आहे. बारव म्हणा ना. आमच्या साताऱ्याकडची लिंबची बारा मोटांची विहीर ज्यांनी पाहिली आहे त्यांना तेवढं कोरीव देखणेपण इथे सापडणार नाही. लांबट, ओबडधोबड दगडी हौद, एका अंगाने पायऱ्या, बाकी तिन्ही अंगांना अंगावर आलेल्या भिंती आणि घरं. पण पाणी जिवंत आहे, तळाच्या झऱ्यांचं. सातशे वर्षं ते आटलेलं नाही.

तिची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. १३२१च्या सुमारास घियासुद्दीन तुघलक तुघलकाबादचा किल्ला उठवत होता आणि इकडे औलिया बावली खणवत होते. सुलतानाने हुकूम काढला की दिल्लीतल्या सगळ्या मजुरांनी किल्ल्यावरच राबायचं. मजूर दिवसा किल्ल्यावर जात आणि रात्री दिव्यांच्या उजेडात बावली खणत. सुलतानाला कळलं, त्याने तेलाची विक्रीच बंद केली. तेव्हा औलियांनी शिष्य नसिरुद्दीनला सांगितलं, बावलीचं पाणी पणत्यांत घाल. पणत्या पेटल्या. नसिरुद्दीन तेव्हापासून ‘चिराग-ए-दिल्ली’ झाले. आज त्यांच्या नावाच्या चौकात गाड्यांचे लाल दिवे लागलेले असतात, तासन् तास. शिर्डीच्या वाण्यांनी तेल नाकारलं आणि साईबाबांनी पाण्याने दिवे लावले, ही गोष्ट मी आजीकडून ऐकलेली. तीच सहाशे वर्षं आधीच्या दिल्लीत भेटली तेव्हा घरचं माणूस परगावी दिसावं तसं झालं. पुढे बंगालच्या मोहिमेहून परतणारा सुलतान औलियांना धडा शिकवणार होता म्हणे. ‘दिल्ली अजून दूर आहे,’ एवढंच ते म्हणाले. १३२५ साली वेशीबाहेर स्वागताचा लाकडी मंडप कोसळला आणि सुलतान त्याखाली गेला. मंडप आपोआप कोसळला की मुलाने पाडला, यावर इतिहासकार अजून भांडतात.

दर्ग्याच्या वाटेवर चपला सांभाळणारे एक चाचा भेटले. सत्तरीचे असतील. बावलीबद्दल विचारलं तर आधी त्यांना वाटलं, मी कुठल्या तरी खात्याचा. मी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, मुटका मारायचो, असं सांगितल्यावर गडी खुलला. मुटका त्यांना करून दाखवावा लागला, चपलांच्या रांगेत उभा राहून. ते हसले. “हे पाणी उडवायचं काम. आमचं काम वेगळं होतं.”

ते काम असं. शेजारच्या गच्चीवर चढायचं. खाली परदेशी पाहुणा किंवा जियारतीला आलेलं कुटुंब उभं असायचं. पाय आधी. “डोकं आधी घालणारा वेडा. खाली कोणी काय टाकलंय कुणाला माहीत?” हवेत हातपाय पसरायचे आणि पाण्याला लागायच्या आत सगळं आवळून काठीसारखं व्हायचं. जरा उशीर झाला की मांड्या लाल. मग पाहुणा चवली-पावली पाण्यात टाकायचा आणि ती तळाला जायच्या आत पकडायची.

“नाणं सरळ जात नाही साहेब. पानासारखं डुलत जातं. त्याच्या मागे पळालात तर गेलं. आधी त्याच्या खाली जायचं, तळहात वर करून थांबायचं. ते आपसूक येतं.” हे सांगताना त्यांनी हात खरोखर पुढे केला, पालथा नव्हे, उताणा, आणि क्षणभर तसाच धरला. नाणं दातांत धरून वर यायचं, कारण दोन्ही हात पायऱ्यांसाठी लागतात. तळ त्यांनी कधी पाहिला नाही. कान दुखायला लागले की परत फिरायचं, हा उस्तादाचा नियम. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, हे भाची वहीत लिहून घेते. चाचांच्या कानांना ते वहीवाचून कळत होतं.

जुलै २००८च्या पावसाळ्यात बावलीची भिंत ढासळली. मग आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर आणि पुरातत्त्व खात्याने ती उभी केली, शतकांचा गाळ हातांनी उपसला, भिंतीवर घरं करून राहिलेल्या कुटुंबांची दुसरीकडे सोय लावली. काम चोख आहे, त्याबद्दल दुमत नाही. उड्या आता बंद आहेत, आणि पोरं बुडून मरण्यापेक्षा ते बरंच. तरी मला हुरहूर लागायची ती लागलीच. जाळीतून पाहिलं तर पाणी हिरवंगार, त्यावर गुटख्याची पाकिटं आणि एक चेंडू. इथे सूर मारून पोट भरणारी माणसं होती, हे सांगणारी पाटी मला दिसली नाही. चाचांचा नातू पलीकडे मोबाइलची कव्हरं विकतो. त्याला पोहता येत नाही.

निघताना भाचीचा फोन आला, तिथे पाण्यातलं किती लांबचं दिसतं म्हणून. मी म्हटलं, वीतभर. चाचांनी विचारलं, कोण? मी सांगितलं, पोरगी पाण्याखाली जायला शिकते, पंचवीस-तीस हजार भरून.

“कोणाला मिळतात?”

“तिला नाही. ती देते.”

चाचांनी हातातला जोड खाली ठेवला. “ती पैसे देते, आणि उडीही तीच मारते?” थोडा वेळ गेला. “मग नाणं कोण टाकतं?”