गोलाईचा तो फोटो नेमका कधीचा?

'निजामकालीन लातूर, सन 1920. लातूरकर असाल तर फॉरवर्ड करा.' अशा ओळीसकट गंजगोलाईचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो दर दोन-चार महिन्यांनी ग्रुपवर येतोच. बैलगाड्या, पोत्यांची थप्पी, फेटेवाले, पाटीत भाजी मांडून बसलेल्या बायका आणि मागे ती गोल, दुमजली इमारत. सगळे हार्ट टाकतात. झूम कुणी करत नाही.

झूम केलं की उजव्या कोपऱ्यात चक्क अ‍ॅम्बेसेडर दिसते! ही गाडी आली 1950 च्या दशकाच्या शेवटी. म्हणजे 1920 गेलं उडत. निजामाचं राज्य तर सप्टेंबर 1948 मध्येच संपलेलं.

गोलाई मात्र खरोखर जुनी. इमारत 1917 ची, आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. मधोमध जगदंबेचं मंदिर आणि येऊन मिळणारे 16 रस्ते. त्याआधी 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज लातूरपर्यंत पोचली होती, त्यामुळे माल बाहेर पाठवायची सोय झालेली. आजही कापड लाइन, सराफ लाइन, भुसार लाइन असं आपण म्हणतो ते उगाच नाही.

बाजाराच्या फोटोत तारीख लपलेलीच असते, फक्त शोधावी लागते. निजामाच्या काळात सरकारी भाषा उर्दू होती, त्यामुळे दुकानांच्या पाट्या आधी बघायच्या. भावाच्या पाटीवर 'नये पैसे' असेल तर फोटो 1957 ते 1964 च्या आसपासचा. शेर-मणाची मापं जाऊन किलो आला तोही त्याच सुमारास. आणि गाडीवर एमएच 24 किंवा नांदेडची एमएच 26 दिसली, तर तो 'ऐतिहासिक' फोटो आपल्या आई-बाबांच्या तरुणपणातला. लातूर जिल्हाच मुळी 1982 चा!

आता कुणी म्हणेल, चाळीस वर्षं इकडे-तिकडे झाली तर काय बिघडलं? बिघडतं. 1920 लिहिलं की फोटोतली सगळी माणसं गेलेलीच धरली जातात. पण फोटो 1960 चा असेल, तर पाटीजवळ उभा असलेला दहा वर्षांचा पोरगा आज पंचाहत्तरीचा आहे. कदाचित तुमच्याच गल्लीत राहतो. त्याला विचारता येतं.

माझ्या आजोबांना फोटो दाखवला, तर इमारतीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"हा हमाल बघ, आकडा कमरंला खोचलाय."

"आजोबा, पोतं किती किलोचं असायचं?"

"शंभराचं. कधी जास्तीच. अन् दिवसभर तेच."

ही माहिती कुठल्याही फॉरवर्डमध्ये नाही. इमारत कुणी बांधली हे आपल्याला माहीत आहे. पोती कुणी वाहिली, भाजी कुणी विकली, त्यांची नावं कुठंच नाहीत. नांदेडच्या इतवाऱ्याचा, वजिराबादचा जुना फोटो घरात असेल तर तिथंही हेच.

दिवाळीच्या साफसफाईत असे अल्बम सरळ भंगारात जातात. त्याआधी एकदा उघडा. फोटो स्कॅन करा, आणि पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप त्याची क्वालिटी घालवतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून माणसं ओळखायला लावा. नावं फोटोच्या मागे लिहायची ती पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.