चावी डिस्कच्या फाइलमध्ये नसते

व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी एक फोल्डर, ते नव्या लॅपटॉपवर कॉपी केलं की झालं, असं अनेकजण धरून चालतात. एन्क्रिप्शन नसेल तर ते बरंचसं खरंही आहे. पण विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, म्हणून हायपर-व्हीत आभासी टीपीएम चालू करतात. ते ज्या दोन प्रमाणपत्रांच्या भरवशावर उघडतं, ती त्या फोल्डरमध्ये नसतात. मूळ संगणकाच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये, 'शील्डेड व्हीएम लोकल सर्टिफिकेट्स' या कप्प्यात असतात. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर मशीन सुरूच होत नाही आणि माणूस धडधाकट डिस्क तपासत बसतो. दोन्ही प्रमाणपत्रं प्रायव्हेट कीसकट पीएफएक्स फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून नव्या लॅपटॉपवर त्याच कप्प्यात इम्पोर्ट केली की मशीन उठतं. जुना लॅपटॉप आधीच फॉरमॅट केला असेल, तर हा रस्ता बंद.

काहीजण मग नवं मशीन बनवून त्याला जुनी डिस्क जोडतात. आत बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, असेल तर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. 'डिस्क करप्ट झाली' हा निष्कर्ष इथे हमखास काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. टीपीएम बदललं, बिटलॉकरने ते ओळखलं, एवढंच. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली तरी हेच होऊ शकतं. असा बदल करण्याआधी मशीनच्या आतून बिटलॉकर सस्पेंड करावं, आणि रिकव्हरी की त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर ठेवू नये. ठेवणारे भेटतात!

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये एन्क्रिप्ट केलेल्या मशीनचा पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. 'रिमेंबर पासवर्ड'ची खूण फक्त त्याच संगणकापुरती असते.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडली नाही की पासवर्डवर संशय जातो. आधी एक्स्टेन्शन पॅक आहे का पाहा; त्याच्याशिवाय बरोबर पासवर्डही निरुपयोगी. तिथेच दुसरी मेख आहे: अशी डिस्क ओव्हीएफमध्ये एक्स्पोर्ट केली, तर बाहेर पडणारी प्रत एन्क्रिप्ट केलेली नसते.

'लॅपटॉपलाच बिटलॉकर आहे, मग आतलं सुरक्षितच', हेही अर्धंच खरं. ते संरक्षण त्या ड्राइव्हपुरतं. लॅपटॉप चालू असताना डिस्कची फाइल साध्या पेन ड्राइव्हवर घेतली, की ती उघडीच जाते.