लाल मिलोची पिढी अमेरिकेच्या डोंगरात

पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे निघालेल्या गाडीला वाटेत चुडावा लागतं, मग लिंबगाव, मग नांदेड. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या आसपास, मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि परभणी जिल्ह्याचा हा पट्टा बाहेरच्या जगाला जोडला गेला. या रुळांवरून इथली माणसं गेली ती कामानेच. कोर्टकचेरीसाठी, दवाखान्यासाठी, लग्नाला, बाजाराला, आणि संसार मुलांच्या हाती दिल्यावर काशीला किंवा पंढरपूरला. उलट दिशेने पंजाबातले भाविक आले, अजूनही येतात. गुरु गोविंदसिंगांचा अखेरचा काळ १७०८ साली नांदेडला गेला, त्यामुळे अमृतसरहून येणारी सचखंड एक्स्प्रेस याच मार्गाने जाते. त्याच्या किती तरी आधी शेजारच्या नर्सीशी नातं सांगणारे संत नामदेव थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले होते. लांबचा प्रवास या मातीला नवा नाही. नवीन आहे ते निव्वळ पाहण्यासाठी निघणं.

गेल्या पंचवीसेक वर्षांत मराठवाड्यातली म्हातारी माणसं यलोस्टोनच्या गरम कुंडांजवळ, ग्लेशियर पार्कच्या घाटात, मेनच्या खडकाळ किनाऱ्यावर दिसू लागली आहेत. नऊवारी किंवा सहावारीवर जाड जॅकेट, पायात नातवाने आणलेले बूट, डोक्यावर टोपी किंवा कानाला गुंडाळलेला रुमाल. त्यांच्याविषयी आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलं आहे, आणि जे आहे ते बहुतेक परदेशात आई-वडिलांची होणारी कोंडी एवढ्यापुरतं. कोंडी खरीच आहे. पण ही माणसं तिथे काय पाहतात, कोणत्या डोळ्यांनी पाहतात, हा विषय मला त्याहून मोठा वाटतो.

आधी ती तिथे पोहोचली कशी, ते थोडक्यात. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला, तेव्हा गेलेल्या मराठी माणसांत पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनियर जास्त होते. त्यांच्याच पुढाकारातून १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. मराठवाड्याची पाळी नंतर आली. औरंगाबादचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं, नांदेडचं गुरु गोविंदसिंगजींच्या नावाचं १९८१ चं. तिथून आणि पुण्याहून शिकलेली शेतकऱ्यांची, शिक्षकांची मुलं १९९० नंतरच्या एच-वन-बी व्हिसावर संगणकाच्या कामाला गेली. त्यांना मुलं झाली आणि गावाकडे फोन आला.

पहिली खेप बहुधा बाळंतपणासाठी असते. बी-टू व्हिसावर उतरलेल्या माणसाला साधारणपणे सहा महिने राहता येतं. त्यात डिंकाचे लाडू, बाळाचं अंग चोळणं, शेक-शेगडी यांत आजीचे दिवस जातात आणि आजोबा खिडकीशी बसून रस्ता पाहतात. डोंगर-समुद्र येतात ते त्या खेपेच्या शेवटी किंवा दुसऱ्या खेपेला, चार जुलैच्या जोडून आलेल्या सुट्टीत. सिएटलहून यलोस्टोन सुमारे बाराशे किलोमीटर. नांदेड-मुंबई रेल्वेने सहाशे दहा. म्हणजे एका बाजूचा प्रवास मुंबईला जाऊन परत येण्याएवढा, आणि तोही मोटारीत पट्टा बांधून.

आता या पिढीचं वय पाहा. आज सत्तरीच्या आसपास असलेला माणूस १९७२ च्या दुष्काळात पंधरा-सोळा वर्षांचा होता. परभणी जिल्ह्यात त्या वयाच्या कुणालाही विचारा, तीन गोष्टी निघतातच: खडी, सुकडी आणि मिलो. दुष्काळी कामावर बायका-पुरुष, पोरंसोरं खडी फोडायला बसली, तिथेच खायला सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो ज्वारी आली. ती अमेरिकेतून आलेली होती, आणि तिच्या भाकरीची आठवण काढताना आजही तोंडं वाकडी होतात. या माणसांची अमेरिकेशी पहिली ओळख नकाशावर किंवा सिनेमात झाली नाही, ती परातीत झाली. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजनेने मूळ धरलं, आणि पुढे १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तिचा कायदा अमलात आला.

हे सगळं इथे सांगायचं कारण अमेरिकेच्या डोंगरांतच आहे. १९२९ नंतरच्या मंदीत तिथेही लाखो तरुण बेकार झाले. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर नावाची योजना काढली. अविवाहित तरुणांना छावण्यांत ठेवून झाडं लावणं, पायवाटा कोरणं, बांध घालणं, पूल बांधणं अशी कामं दिली. महिना तीस डॉलर, त्यातले पंचवीस थेट घरी आई-वडिलांना. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण त्यात राबले. ग्लेशियर आणि मेनच्या किनाऱ्यावरचं अकेडिया या दोन्ही पार्कांत त्यांच्या छावण्या होत्या, आणि तिथल्या कित्येक वाटा, दगडी बांधकामं त्यांच्या हातची आहेत. आज पर्यटक ज्या पायऱ्यांवरून आरामात चढतो, त्यांतल्या बऱ्याच उपाशी दिवसांत घडवल्या गेल्या. हे बाहेरच्या पाहुण्याला कुणी मुद्दाम सांगत नाही. पण ज्याने स्वतः घणाने दगड फोडला आहे त्याला घडीव दगड लगेच कळतो. तो वाकून सांधा पाहतो, हात फिरवतो. माझं म्हणणं एवढंच की त्या वाटेचा खरा जाणकार तोच आहे. एक फरक मात्र आजींनी ध्यानात घ्यावा असा आहे. अमेरिकेच्या त्या छावण्या फक्त पुरुषांच्या होत्या. बाहत्तरच्या कामांवर मात्र बायका मोठ्या संख्येने होत्या, कडेवरचं मूल झाडाखाली झोपवून.

यलोस्टोन १ मार्च १८७२ रोजी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं, जगातलं पहिलं. जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटरचा मुलूख, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्याहून मोठा. जमिनीखाली तापलेला शिलारस, वरून मुरलेलं बर्फाचं पाणी, आणि मध्ये अरुंद भेगा. पाणी खाली तापतं, वरच्या पाण्याच्या दाबाने त्याला उकळता येत नाही, आणि दाब थोडा हलला की सगळं एकदम वाफ होऊन उसळतं. जगातल्या जिवंत गिझरांपैकी निम्मे तरी या एका पार्कात आहेत. त्यांतला ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतो आणि पुढची वेळ फळ्यावर लिहिलेली असते.

नांदेडकडच्या माणसाला यात नवल वाटतं ते उंचीचं. ऊन पाण्याचं नाही. किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे, पैनगंगेच्या काठी, आणि त्वचेच्या आजारासाठी तिथे स्नान करायची रीत जुनी आहे. त्यामुळे यलोस्टोनला आल्यावर आजीचा पहिला प्रश्न स्नानाचा असतो, आणि तो रास्त आहे. उत्तर सक्त नाही असं आहे. कुंडांतलं पाणी उकळत्याच्या जवळ असतं, वरचा पापुद्रा पातळ, आणि लाकडी फळ्यांची वाट सोडून त्या पाण्यात भाजून मेलेल्यांची नोंद वीसच्या वर आहे. त्या फळ्यांच्या वाटा मात्र सपाट आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चाकाच्या खुर्चीतूनही ओल्ड फेथफुलपर्यंत जाता येतं, ही सोय आपल्या देवस्थानांनी मनावर घेण्यासारखी आहे.

गवा आणि म्हैस ओळखणाऱ्या डोळ्यांना तिथला बायसन घरचाच वाटतो. नियम पंचवीस यार्ड दूर राहण्याचा, अस्वल आणि लांडग्यापासून शंभर. ढोरांत आयुष्य गेलेल्या माणसाला सांगावं लागतं की हे जनावर कुणाचं पाळलेलं नाही आणि ताशी पन्नास किलोमीटरहून जास्त वेगाने अंगावर येतं.

जमिनीचं नातं याहून खोल आहे. चुडाव्याची काळी माती ज्या बेसॉल्ट खडकापासून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा. अमेरिकेच्या वायव्येला वॉशिंग्टन आणि ऑरेगनमध्येही असाच लाव्हा पसरला, फक्त बराच अलीकडे, दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी. तो वाहत थेट पॅसिफिकपर्यंत गेला. ऑरेगनच्या कॅनन बीचवर पाण्यात उभा असलेला हेस्टॅक रॉक हा दोनशे पस्तीस फूट उंचीचा सुळका त्याच लाव्ह्याचा. विहीर खोदताना लागणारा काळा पाषाण ज्याने पाहिला आहे, त्याला त्या किनाऱ्यावर ओळखीचा दगड भेटतो. समुद्र मात्र अनोळखी. मराठवाड्यातल्या कितीतरी जणांनी समुद्र पाहिला तो मुंबईचा, गर्दीतून. वॉशिंग्टनमधल्या ऑलिंपिक पार्कचा किनारा रिकामा असतो, पाणी हाडं गोठवणारं, आणि वाळूवर अख्खी झाडं वाहून येऊन पडलेली. एवढं लाकूड कुणीच कसं नेत नाही, हे सरपण वेचलेल्या बाईला पडणारं कोडं आहे. पार्काचा कायदा ते तिथेच राहू देतो. आतल्या जंगलात तर पडलेल्या खोडावरच नवं रोप रुजतं आणि जंगल पुढे चालतं.

त्याच पार्कातल्या होहच्या अरण्यात वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीला याच्या दुप्पट पडतो, म्हणून कोकणातल्या पाहुण्याला तो आकडा थोर वाटणार नाही. पण परभणीची सरासरी नऊशेच्या आसपास, तीही भरवशाची नाही. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा मुलखातली माणसं होहमध्ये झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारं हिरवं शेवाळ पाहतात, ते पाहणं वेगळं असतं.

ग्लेशियर पार्कचा घाटरस्ता, गोइंग-टू-द-सन रोड, १९३३ मध्ये खुला झाला. लोगन खिंड सहा हजार सहाशे फुटांवर आहे. कोलोरॅडोतला ट्रेल रिज रस्ता तर बारा हजार फुटांच्या वर जातो. साडेतीनशे-चारशे मीटरवर आयुष्य काढलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला एका दिवसात तिथे नेणं मला धोक्याचं वाटतं. मध्ये एक-दोन मुक्काम हवेत, पाणी भरपूर हवं, आणि निघण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला. ज्या हिमनद्यांवरून पार्काला नाव मिळालं त्या आटत आहेत. १९६६ मध्ये तिथे नाव असलेल्या पस्तीस हिमनद्या होत्या, २०१५ मध्ये सव्वीस उरल्या. विहिरीची पातळी वर्षागणिक खाली जाताना पाहिलेल्या शेतकऱ्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. आणि या पार्काचा पूर्वेकडचा डोंगर ब्लॅकफीट या मूळ रहिवाशांचा होता. १८९५ च्या करारात तो त्यांच्या हातून गेला. जायकवाडीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांना हीही गोष्ट सांगायला हवी. मुलं सहसा सांगत नाहीत, कारण त्यांनाही ती माहीत नसते.

उत्तरेकडे आणखी एक अडचण येते, सूर्याची. जूनमध्ये तिथे मावळतीला साडेनऊ होतात. तिन्हीसांजेला दिवा लावणारी आजी घड्याळ पाहून लावावा की आकाश पाहून, या विचारात पडते. संकष्टीला चंद्र अकरानंतर उगवतो आणि मधुमेही माणसाचा उपास तोवर ताणला जातो. यावर घरोघर तोडगे निघाले आहेत, आणि चंद्राची वाट न पाहता वेळेवर जेवावं या तोडग्याच्या बाजूने मी आहे.

मराठी बाईने अमेरिका पाहून ती सविस्तर लिहिली त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. पंडिता रमाबाईंचं युनायटेड स्टेट्सवरचं पुस्तक १८८९ चं. त्यांच्या आधी तिथे पोहोचलेल्या आनंदीबाई जोशींच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पॉकिप्सीच्या दफनभूमीत आहेत, आणि न्यू जर्सीहून अकेडियाकडे जाणाऱ्यांना थोडी वाट वाकडी करून तिथे थांबता येतं. थांबावंच. त्यानंतर या देशावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं, पण खेड्यातून, शेतावरून, मिलो खाऊन तिथवर गेलेल्या माणसाचं पुस्तक माझ्या वाचनात नाही. ही माणसं आठवणींचा साठा घेऊन परत येतात आणि पारावर चार दिवस सांगून गप्प होतात. नातवंडांनी फोनवर त्यांचे फोटो काढले, तसं त्यांचं बोलणंही ध्वनिमुद्रित करून ठेवावं. परभणी-नांदेडच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांना हे काम सहज जमेल. दहा वर्षांनी जमणार नाही.

राहिला प्रश्न जायचं कधी याचा. ग्लेशियरचा घाटरस्ता बर्फामुळे बहुधा जूनच्या अखेरीला किंवा जुलैत पूर्ण उघडतो. इकडे ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, पेरणी सुरू होते, आणि माळकऱ्यांच्या घरात आषाढीची तयारी. उशिरा जावं तर ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, आणि त्याआधी मराठवाड्यात कुठल्याही सणाहून मोठ्या मानल्या जाणाऱ्या महालक्ष्म्या. त्यात भर म्हणून २०२६ च्या जानेवारीपासून यलोस्टोन, ग्लेशियर, अकेडियासह अकरा पार्कांत परदेशी पाहुण्याला माणशी शंभर डॉलर जादा मोजावे लागतात. वडीलधाऱ्यांसाठीचा सवलतीचा पास फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतो. परदेशी पाहुण्यांसाठीचा वार्षिक पास अडीचशे डॉलरचा आहे, तेव्हा तीन-चार पार्कं एकाच खेपेत पाहणं परवडतं. ज्या वर्षी आषाढाआधी अधिक महिना येतो, जसा २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, त्या वर्षी आषाढी २५ जुलैपर्यंत पुढे जाते आणि तोवर पेरणी उरकलेली असते. पंढरपूरहून परतून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघालं, तर ग्लेशियरचा रस्ता पूर्ण उघडा मिळतो. वणव्यांचा धूर त्याच महिन्यात असतो, म्हणून दोन दिवस हाताशी जास्त ठेवावेत. महालक्ष्म्या सप्टेंबरात सुनेच्या घरी बसवायच्या, आणि सोयाबीन काढायला येणाऱ्या माणसांशी निघण्याआधीच बोलून ठेवायचं.