खेळ सुटत का नाही?

पुणतांब्यासारख्या गावातही मुले जेवणाचे ताट बाजूला सारून मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळत बसतात. दोष केवळ मुलांचा नाही. खेळाडू टिकून राहावा, अशीच या खेळांची रचना असते. रोजच्या हजेरीला बक्षीस, ठरावीक मुदतीत संपणारी स्पर्धा आणि वाट पाहणारे सवंगडी! खेळावर ताबा न राहणे, झोप-अभ्यास बिघडूनही खेळत राहणे, हे साधारण वर्षभर चालल्यास तो विकार समजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत तो २०२२ पासून लागू आहे. पालकांनी मोबाइल हिसकावू नये. डाव अर्धवट सुटला की मूल चिडते. वेळ आधीच ठरवावी, चालू डाव संपू द्यावा, निजताना मोबाइल दूर ठेवावा. तरीही न जमल्यास ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.