मराठी पानाला नवा फाँट जोडताना

मराठी पृष्ठाचे सौष्ठव ज्या अक्षरवळणावर अवलंबून असते, ते वळण निवडण्याची मुखत्यारी पूर्वी फार थोड्यांपाशी असे. १८६९ साली मुंबईत जावजी दादाजींनी स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक खिळ्यांची कीर्ती संस्कृत ग्रंथांबरोबर दूरवर पोचली खरी. परंतु तशा वळणाची अभिलाषा धरणाऱ्या सामान्य मुद्रकाला खिळ्यांचा नवा संच, त्याच्या पेट्या, त्या मांडण्यास जागा आणि या सर्वांसाठी भांडवल, इतकी तजवीज आधी करावी लागे. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्ता’सारखा खुल्या परवान्याचा फाँट विनामूल्य उतरवून घेता येतो, आणि तालुक्याच्या गावी वाचनालयाचे वार्षिक सिद्ध करणाऱ्या संपादकालाही तीच मुखत्यारी लाभते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि म्हणूनच ती जाणतेपणाने वापरली जावी असा माझा आग्रह आहे.

फाँट संगणकात दाखल करण्याची रीत सोपी आहे. विंडोजमध्ये फाइल उघडून ‘इन्स्टॉल’ केले की मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या यादीत तो दिसू लागतो. स्क्राइबस हे मोफत सॉफ्टवेअर याहून एक अधिक मुभा देते: त्याच्या ‘प्रेफरन्सेस’मधील फाँटांच्या विभागात ‘अ‍ॅडिशनल पाथ्स’ येथे एखाद्या फोल्डरचा पत्ता नोंदवला की संगणकात न बसवलेले फाँटही वापरता येतात, मात्र ही सोय एकही दस्तऐवज उघडा नसतानाच मिळते, आणि हे ठाऊक नसेल तर सारा शोध व्यर्थ जातो. इनडिझाइनमध्ये दस्तऐवजाशेजारी ‘डॉक्युमेंट फाँट्स’ नावाचे फोल्डर ठेवल्यास त्यातील फाँट त्या कामापुरते आपोआप लागू होतात. संपादक, जुळणी करणारा आणि छापखाना यांचे संगणक जेथे भिन्न असतात, तेथे हीच व्यवस्था श्रेयस्कर होय.

परंतु यादीत नाव उमटले म्हणजे फाँट मराठीसाठी सिद्ध झाला असे नव्हे. पेजमेकरच्या अमदानीतील मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे, कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धे अक्षर, असे बसवलेले असत. त्यामुळे तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर अख्खा लेख निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग होऊन बसे. युनिकोडने अक्षराला स्वतंत्र ओळख दिली आणि जोडाक्षर कसे रचावे याचे नियम ओपनटाइप फाँटाच्या पोटात गेले. पण ते नियम वाचून अमलात आणण्याची कुवत मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्येही असावी लागते. स्क्राइबसला ती १.५.३ या आवृत्तीपासून लाभली. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ हा परिच्छेदरचनेचा पर्याय निवडल्यावाचून, उत्तमोत्तम फाँट जोडूनही, ऱ्हस्व वेलांटी भलत्या ठिकाणी पडते आणि जोडाक्षरे विस्कटतात.

म्हणून संपूर्ण अंक नव्या फाँटात ओतण्यापूर्वी परीक्षेच्या चार ओळी जुळवाव्यात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील रफार व आडवा अर्धा र वेगळे उमटतात काय, ‘ट्ट’, ‘द्ध’, ‘क्ष्म’ नीट जुळतात काय, ठळक प्रकारातही ती सुवाच्य राहतात काय, हे कागदावर छापून पाहावे. ‘ल’ आणि ‘श’ यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांची मराठी वळणे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवली आहेत. काही फाँटांत मराठी व हिंदी दोन्ही वळणे असतात, परंतु मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्यावरच मराठी वळण पुढे येते; एवढीशी नोंद राहून जाते आणि मराठी पुस्तक हिंदी वळणाने छापले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परवान्याचा मजकूरही वाचून घ्यावा. ‘सिल ओपन फाँट लायसन्स’खालील फाँट विक्रीच्या पुस्तकातसुद्धा निर्वेध वापरता येतो, विकत घेतलेला फाँट छापखान्याच्या हवाली करण्याची मुभा मात्र बहुधा नसते. अशा वेळी फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ पाठवावी, आणि पाठवण्यापूर्वी तिच्या ‘प्रॉपर्टीज’मधील यादीत प्रत्येक फाँटापुढे ‘एम्बेडेड’ अथवा ‘एम्बेडेड सबसेट’ अशी नोंद आहे याची खात्री करून घ्यावी.