गप्प बसणं कधी लबाडी ठरतं?

नागपुरात प्लॉटचा सौदा करताना 'आरएल आहे का?' असं हमखास विचारतात, म्हणजे सुधार प्रन्यासाचं नियमितीकरणाचं पत्र. पण विचारलंच नाही आणि विकणाराही गप्प राहिला, तर? 'करारात प्रामाणिकपणाची सक्ती नसते, घेणाऱ्यानेच बघून घ्यायचं,' असं बहुतेक जण सांगतात. यात अर्धंच सत्य आहे.

सद्भाव पाळा असं सरसकट सांगणारं कलम १८७२च्या करार कायद्यात नाही. कलम १७ नुसत्या मौनाला फसवणूक मानत नाही. बोलणं कर्तव्य असेल, तेव्हा मात्र मौनही फसवणूक ठरतं. कायद्यातलंच उदाहरण आहे: दोष असलेला घोडा लिलावात विकताना मालक बोलला नाही, तर फसवणूक नाही, पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणं त्याचं कर्तव्य.

जमिनीच्या व्यवहारात कायदा पुढे जातो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं, की साध्या काळजीने घेणाऱ्याला कळणार नाही असा मालमत्तेतला किंवा मालकीतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे; न सांगणं म्हणजे कपट. कागदावर न दिसणारा बहिणीचा हिस्सा लपवणं यात येऊ शकतं. आरएलचं तसं नाही, ती चौकशी करता येते, म्हणून ती आधीच करावी. खोटं पत्र दाखवलं असेल, तर मात्र 'तुम्ही तपासलं का नाही?' हा बचाव चालत नाही.

दुसरा गैरसमज असा, की सद्भावाचं ओझं एकट्या विमा घेणाऱ्यावर असतं. त्यासाठी १७६६चा कार्टर विरुद्ध बोह्म खटला दाखवतात. सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरोचा गव्हर्नर कार्टरने शत्रूच्या हल्ल्याचा विमा काढला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्डने सद्भाव सगळ्याच करारांना लागू आहे असं म्हटलं आणि निकाल विमेदाराच्याच बाजूने लागला: युद्धाचा धोका लंडनमधल्या विमाकर्त्यालाही कळण्यासारखा होता. पुढे इंग्रजी कायद्याने हे तत्त्व मुख्यतः विम्यापुरतंच ठेवलं, तिथल्या विमेदारांचं त्यात नुकसान झालं असं मला वाटतं. भारतात २०१५च्या दुरुस्तीनंतर आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षांनंतर कुठल्याही कारणाने आव्हान देता येत नाही.

आणि जमिनीच्या व्यवहारात घेणाराही मोकळा नाही. विकणाऱ्याचा हिस्सा त्याच्या समजुतीपेक्षा मोठा आहे, त्यामुळे त्याची किंमत बरीच वाढते, हे घेणाऱ्याला ठाऊक असेल, तर कलम ५५ त्यालाही ते सांगायला लावतं. शेजारून मेट्रो जाणार, ही बातमी मात्र त्यात येत नाही.