अंगठी टाकता न आलेला नायक

अद्भुतिका म्हणजे लेखकाने स्वतःचा भूगोल, स्वतःचा इतिहास आणि चमत्कारांचे स्वतःचे नियम असलेले जग रचून त्यात घडवलेली दीर्घ कथा. अशा कथेत सत्प्रवृत्त नायक आणि दुष्ट खलनायक यांची लढाई होते व शेवटी नायक जिंकतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे; परंतु या साहित्यप्रकारातील सर्वांत प्रभावी ठरलेल्या कादंबरीचा नायक ऐन मोक्याच्या क्षणी हरतो, ही गोष्ट तिच्या चाहत्यांच्याही पुष्कळदा लक्षात राहत नाही. जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४ आणि १९५५ या वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. सॉरॉन नावाच्या अधिपतीने सर्वांना अंकित करण्यासाठी घडवलेली अंगठी जिथे ती घडली त्याच ज्वालामुखीत टाकून नष्ट करणे, एवढेच तिचे मुख्य कथानक आहे, आणि हे काम फ्रोडो या बुटक्या, घरात रमणाऱ्या, शस्त्रविद्येचा गंध नसलेल्या हॉबिटाकडे येते. महिनोन्‌महिने उपासमार, जखमा आणि भीती सोसून तो त्या अग्निकुंडाच्या काठावर पोहोचतो, आणि तिथे अंगठी टाकण्याऐवजी ती आपली असल्याचे जाहीर करून बोटात घालतो.

अंगठी नष्ट होते ती गॉलममुळे. पूर्वी अनेक वर्षे ती अंगठी बाळगून तिच्या हव्यासाने पार झिजून गेलेला हा जीव फ्रोडोचे बोट चावून तोडतो आणि मिळालेल्या आनंदाच्या भरात तोल जाऊन अंगठीसह आगीत पडतो. वरवर पाहता हा निव्वळ योगायोग वाटतो, आणि एखाद्या कच्च्या लेखकाच्या हाती तो तसाच राहिला असता. मात्र गॉलम तिथे जिवंत असण्यामागे क्षमेची एक लांबलचक साखळी आहे. फ्रोडोचा वडीलधारा आप्त बिल्बो याने त्याला मारण्याची संधी असताना सोडून दिले होते. बिल्बोने त्याला तेव्हाच संपवायला हवे होते, असे म्हणणाऱ्या फ्रोडोला गँडाल्फ हा जादूगार आधीच समजावतो की, मृत्यूची शिक्षा देण्याची घाई करू नये आणि या जीवाचे अजून काही काम शिल्लक असू शकेल. पुढे प्रत्यक्ष भेट झाल्यावर फ्रोडोलाही त्याची कीव येते, आणि अखेरीस गॉलमचा मनापासून तिरस्कार करणारा फ्रोडोचा सेवक सॅमसुद्धा ज्वालामुखीच्या उतारावर उगारलेली तलवार खाली घेतो. कादंबरीतील विजय कोणाच्या पराक्रमाने मिळत नाही. ज्याला मारणे न्याय्य ठरले असते अशा एकाला अनेकांनी वेगवेगळ्या वेळी जगू दिले, म्हणून तो मिळतो.

टोल्किन यांना हे सूत्र पहिल्यापासून गवसलेले नव्हते, हे विशेष. १९३७ साली निघालेल्या ‘द हॉबिट’ या त्यांच्या बालकादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत हरल्यावर पैजेचे बक्षीस म्हणून अंगठी द्यायलाही तयार होतो, त्यामुळे बिल्बोने त्याच्यावर दया करण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. मोठ्या कादंबरीची गरज ओळखून त्यांनी ते प्रकरण पुन्हा लिहिले, आणि अंधारात दबा धरलेल्या गॉलमवर तलवार न चालवता बिल्बो त्याच्यावरून उडी मारून निसटतो, हा आजचा पाठ १९५१ च्या आवृत्तीत आला. परीकथांवरील आपल्या निबंधात टोल्किन यांनी ‘युकॅटास्ट्रफी’ अशी एक संज्ञा घडवली असून, सर्व आशा संपली असताना कथेला मिळणारे अनपेक्षित सुखद वळण, असा तिचा अर्थ आहे. हे वळण वाचकाला फसवणूक वाटू नये यासाठी त्याची बीजे किती मागे पेरावी लागतात, याचा गॉलम हा उत्तम नमुना होय.

खलनायकाची रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली आहे. सॉरॉन या कादंबरीत प्रत्यक्ष समोर येतच नाही. त्याची नजर जाणवते, त्याचे दूत आणि सैन्य दिसते, पण वाचकाची त्याच्याशी भेट होत नाही. तो सुरुवातीपासून दुष्ट नव्हता, असेही कथेत स्पष्ट सांगितले आहे. टोल्किन यांच्या दृष्टीने दुष्टपणाचा गाभा इतरांची इच्छाशक्ती आपल्या ताब्यात घेण्याच्या लालसेत आहे, आणि म्हणूनच अंगठीचा मोह चांगल्या माणसांना अधिक धोकादायक ठरतो. शूर बोरोमीर आपले शहर वाचवण्यासाठी ती मागतो आणि त्या मागणीपायीच भ्रष्ट होतो, तर गँडाल्फ ती नाकारतो तो आपल्या हातून दयेपोटीच जुलूम घडेल हे ओळखून. आपल्या पुराणांतला असुर तप करून वर मिळवतो, तो वर स्वतः ना चांगला ना वाईट असतो आणि दोष असतो तो वापरात. अंगठीचे तसे नाही, कारण सत्ता गाजवण्याचा हेतू तिच्या घडणीतच मिसळलेला आहे आणि सदुपयोगाची वाट तिथे बंद आहे. सॉरॉनचा घात होतो तोही याच स्वभावामुळे, कारण हाती आलेली सत्ता कोणी नष्ट करू पाहील ही शक्यता त्याच्या मनाला शिवतसुद्धा नाही.

टॉम शिपी या अभ्यासकांनी अंगठीच्या या चित्रणाच्या मुळाशी दुष्टतेविषयीच्या दोन जुन्या विचारांचा ताण दाखवून दिला आहे. एका विचारानुसार, ज्याचा पुरस्कार रोमन तत्त्वज्ञ बोएथिअस याने केला, दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नसून चांगुलपणाचा अभाव आहे. दुसऱ्या विचारानुसार ती बाहेर उभी असलेली खरीखुरी शक्ती आहे आणि तिच्याशी लढावेच लागते. फ्रोडो अंगठी बोटात घालतो तेव्हा ती त्याच्यावर बाहेरून सक्ती करते की त्याच्याच आतील दुबळेपणाला हाक देते, याचा निर्णय टोल्किन जाणूनबुजून देत नाहीत. पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या रणांगणावर संदेशवहन अधिकारी म्हणून उभ्या राहिलेल्या या लेखकाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटली असतील, असे मानायला जागा आहे. मात्र आपली कथा कोणत्याही युद्धाचे रूपक नाही, हे त्यांनी निक्षून सांगितले होते आणि त्याचा मान राखलेला बरा.

या कादंबरीवर टीकाही झाली. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९५६ साली तिला पोरकट ठरवले, ते बव्हंशी अन्यायाचे होते. ऑर्कांबद्दलचा आक्षेप मात्र सहज झटकता येत नाही. शत्रूच्या सैन्यात हजारोंनी असलेले हे प्राणी बोलतात, कुरकुरतात, वरिष्ठांना शिव्या घालतात, म्हणजे त्यांना मन आहे; तरीही त्यांच्यातील एकालाही दयेचा लाभ होत नाही. शत्रूच्या बाजूने लढताना मेलेला दक्षिणेकडील एक सैनिक पाहून सॅमला प्रश्न पडतो, की हा खरोखर मनाने दुष्ट होता की धाकदपटशाने किंवा खोटे सांगून इथवर आणलेला. हाच प्रश्न ऑर्कांच्या बाबतीत कोणी विचारत नाही. टोल्किन यांना ही अडचण जाणवत होती आणि ऑर्कांच्या उत्पत्तीवर ते पुढे अनेक वर्षे टिपणे करीत राहिले, पण समाधानकारक उत्तर त्यांना सापडले नाही.

उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत ही अडचण मुळातच उद्भवू दिली नाही, कारण तिथे कथेचा मुख्य संघर्ष शत्रूच्या सैन्याशी नाही. गेड हा तांबूस-तपकिरी वर्णाचा, बुद्धिमान पण गर्विष्ठ तरुण जादूचे शिक्षण घेत असताना चढाओढीपायी निषिद्ध मंत्र वापरतो आणि त्यातून एक निनावी सावली जगात येते. ती आधी त्याचा पाठलाग करते, पुढे तोच तिचा करतो, आणि अखेर समुद्रावर गाठ पडल्यावर तो तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. ले ग्विन टोल्किन यांच्या चाहत्या होत्या. फ्रोडो आणि गॉलम ही एकाच व्यक्तीची दोन अंगे म्हणून वाचता येतात, असे त्यांनी पुढे आपल्या निबंधात दाखवले. गेडची मालिका १९७२ च्या तिसऱ्या कादंबरीपाशी संपली असे वाचकांना वाटले होते, पण १९९० साली ‘तेहानू’ ही चौथी कादंबरी आली. तिच्यात सर्व जादू खर्ची पडलेला गेड एका शेतकरी विधवेच्या घरी आसरा घेतो, आणि कथेचे केंद्र ती विधवा व तिने सांभाळलेली, आगीत होरपळलेली एक लहान मुलगी यांच्याकडे सरकते. हे पुस्तक काही जुन्या वाचकांना रुचले नाही, कारण त्यांना त्यांचा महापराक्रमी जादूगार परत हवा होता.